तुलांबेनचे गोटे आणि काकांचे फिन

मी मूळचा देवबागचा. मालवणात असताना आमचं काम म्हणजे सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ बोट नांगरायची, पर्यटकाला शिडीवरून पाण्यात उतरवायचं आणि त्याचा सिलेंडर धरून त्याला खाली फिरवून आणायचं. त्याच्या पायात काय आहे हे कुणी बघतही नसे. बालीतल्या तुलांबेनला आलो आणि गिऱ्हाईक दारात आलं की आधी त्याचे पाय बघायची सवय लागली.

कारण इथे बोट नाही. किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं, तीस-चाळीस मीटर पोहायचं, की खाली ‘लिबर्टी’ हे अमेरिकन मालवाहू जहाज. जानेवारी 1942 मध्ये लोंबोकच्या सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीने त्याला टॉर्पेडो मारला, मग ते ओढत आणून या किनाऱ्यावर चढवलं. 1963 साली आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा ते घसरून पाण्यात गेलं. किनाराही त्या डोंगराचीच देणगी: काळे, गुळगुळीत गोटे, काही मुठीएवढे तर काही नारळाएवढे, आणि लाट मागे सरली की पायाखालून गडगडत जाणारे.

त्या दिवशी पुण्याहून एक काका आले होते. पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, टिळक टँकवर उभं आयुष्य पोहलेले. सोबत सिंगापूरला नोकरी करणारी मुलगी. दोघांकडेही स्कूबा डायव्हिंग शिकल्याचं कार्ड होतं, अंदमानात घेतलेलं. काकांनी पिशवीतून स्वतःचे फिन, म्हणजे पोहताना पायात घालायची पाती, काढले तशी आमच्या दुकानातली पोरं एकमेकांकडे बघायला लागली. श्वास रोखून खोल जाणारे लोक वापरतात तसले, लांबलचक पात्यांचे, टाचेसकट पाऊल आत जाणारे. त्यात अनवाणीच पाय घालायचा.

“काका, इथे हे नाही चालणार.”

“का? अंदमानात चालले की! चांगले महाग आहेत.”

काकांचं चुकत नव्हतं. बोटीच्या कडेला बसून फिन चढवायचे आणि पाण्यात पडायचं असेल तर बंद टाचेचा फिन झकास. हलका असतो, पायाला घट्ट बसतो, बुटाचा खर्च वाचतो. पण इथे फिन घालायच्या आधी पाठीवर वीस किलोच्या वर ओझं घेऊन गोट्यांवरून चालायचं असतं. अनवाणी चाललात तर तळवे सोलतात, घोटा मुरगळतो. फिन घालून चालायचं म्हटलं तर लांब पातं अडकतं, म्हणून समुद्राकडे पाठ करून उलटं चालावं लागतं. आमचे बाबा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मासेमारीचं जाळं ओढायला, जायचे. लहानपणी त्यांचं एकच ओरडणं असायचं: “लाटेक पाठ दाखवची नाय!” ते स्वतः अनवाणीच पाण्यात शिरत, पण देवबागला पायाखाली वाळू आहे.

इंजिनिअर माणसाला तोंडाने सांगून पटत नाही. मी त्यांच्या पाठीवर सिलेंडर चढवला आणि म्हटलं, पाण्यापर्यंत फक्त जाऊन या, डायव्ह नंतर करू. काका निघाले. दहा-बारा पावलांवर थांबले, खाली बघितलं, हात पसरून तोल सावरला आणि मुकाट परत आले. मुलीने हसू दाबलं.

मग आमचं मांडणीसमोरचं खरं काम सुरू झालं. लोक आधी फिन निवडतात, मग त्यात बसेल असा बूट शोधतात. किनाऱ्यावरून जायचं असेल तर मी हे उलटं करायला लावतो. इथलं पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचं, त्यामुळे बुटाचं निओप्रीन, म्हणजे फोमसारखं रबर, तीन मिलिमीटरचं पुरतं. ऊब हा मुद्दाच नाही, मुद्दा तळव्याचा. मुलीने भाड्याने घेतलेले पातळ तळव्याचे मोजे मी बाजूला ठेवले. त्यांनी फिन घासत नाही एवढंच, गोटा मात्र हाडापर्यंत लागतो. तळवा जाड, दातेरी रबराचा हवा आणि बूट घोट्याच्या वरपर्यंत यायला हवा. बोटं पुढे टेकता कामा नयेत आणि चालताना टाच आत वरखाली व्हायला नको, कारण कोरड्यात जरा सैल वाटणारा बूट पाणी भरलं की आणखी सैल होतो. वेटसूटचा पाय बुटाच्या आत न खोचता वरून घ्यायचा, म्हणजे बाहेर येताना सूटमधलं पाणी बुटात साचत नाही.

बूट ठरल्यावरच फिन. टाच उघडी, मागे पट्टा. बूट घातलेलं पाऊल कप्प्यात घालून पाय हवेत झाडून बघायचा. कप्पा आवळला तर तळपायात पेटका येतो, आणि पातं पायाच्या ताकदीपेक्षा कडक असलं तर पोटरीत. काकांनी जड, आखूड, रबरी जोडी उचलली. हे फिन पाण्यात बुडतात, पाय खाली ओढतात, काहींना त्याचा वैताग येतो. काका म्हणाले, “माझे पाय वर तरंगतात, मला हेच बरे.” हे त्यांनी स्वतः हेरलं याचं मला कौतुक वाटलं. त्यातून जहाजाच्या सांगाड्यावर नाजूक पंख्यांसारखं प्रवाळ वाढलंय. लांब पात्याने ते मोडतं, आखूड पात्याने वाचतं.

पट्ट्याबद्दल मी हट्टी आहे. प्लास्टिकची बकल आणि रबरी पट्टा दुकानात ठीक वाटतो, पण लाटेत दोन्ही हात लागतात. स्टीलच्या स्प्रिंगचा पट्टा मागच्या कडीत एक बोट घालून ओढला की सुटतो, दुसरा हात जोडीदाराच्या खांद्यावर राहतो. दोघांनाही स्प्रिंगवालेच दिले.

उतरताना समुद्र शांत होता. फिन मनगटात अडकवून छातीभर पाण्यात गेलो, बीसीडीत, म्हणजे हवा भरून तरंगवणाऱ्या जॅकेटात, हवा भरली आणि तरंगत, एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेऊन फिन चढवले. डायव्हविषयी फार सांगण्यासारखं नाही. काका जहाजापेक्षा त्याचे रिव्हेट बघण्यात रमले.

वर आलो तेव्हा समुद्र बदलला होता. लाटा ओळीने येत होत्या, आणि गोट्यांचा गडगडाट पाण्याखालूनही ऐकू येत होता. मी दोघांना लाटा फुटतात त्याच्या बाहेरच थांबवलं. मास्क डोळ्यांवर, सिलेंडरची हवा देणारा रेग्युलेटर तोंडात. आमच्या डावीकडे दुसऱ्याच गटातली एक परदेशी बाई बाहेर पडत होती, पायात बंद टाचेचे फिन. तिने घाईने एक फिन काढला. तो हातात, दुसरा पायात, तोंड किनाऱ्याकडे. मागून आलेल्या लाटेने तिला आडवी केली, पुढच्या लाटेने गोट्यांवरून खाली ओढली. मास्क गेला.

इथल्या बायका सिलेंडर डोक्यावरून वाहतात. त्यातल्या एका इबूच्या (इथे बाईला असंच म्हणतात) डोक्यावर तेव्हा सिलेंडर होता. तिने तो बाजूला आडवा ठेवला, साध्या चपलांनिशी पाण्यात शिरली आणि त्या बाईच्या सिलेंडरचा व्हॉल्व्ह धरून तिला खेचत वर नेलं. त्या परदेशी बाईचा गाइड नंतर पोचला. बाईचा घोटा सुजला, तळव्याला चांगलंच खरचटलं, पण शुद्धीवर होती, बोलत होती.

आम्ही तिकडे बघत बसलो नाही. मोठ्या लाटा येऊन गेल्या तशी मी खूण केली. कमरेएवढ्या पाण्यात तिघं एकमेकांना धरून उभे राहिलो. काकांनी कडीत बोट घातलं, एक फिन, मग दुसरा, दोन्ही मनगटात. पुढची ओळ यायच्या आत बुटांवर चालत बाहेर. शेवटच्या चढावर काकांचा पाय घसरला तेव्हा ते सरळ हातापायांवर आले आणि रांगतच वर गेले. तसं करायचं हे मी आधी सांगून ठेवलं होतं; ऐकतात मात्र थोडेच, लाज वाटते.

मुलीने दुपारी बूट विकतच घेतले. फिन भाड्याचे घेतले तरी भागतं, बूट स्वतःचे असलेले बरे, असं मीच म्हटलं होतं. काकांनी अजून पैसे काढले नव्हते.

“डिसेंबरात नेत्राणीला जायचंय. तिथे काय नेऊ?”

“मुरुडेश्वरहून बोटीने नेतात काका, उडी बोटीवरूनच. तिथे तुमचे ते लांबवालेही चालतील, फक्त बोटीवर कुणाच्या पायात येणार नाहीत असे ठेवा.”

“मग बूट कशाला घेऊ?”

“परत इथे येणार असाल तर.”

काकांनी खिशातून छोटी वही काढली, बुटाच्या तळव्याची जाडी पट्टीने मोजली आणि मिलिमीटरमध्ये लिहून घेतली. मग मुलीकडे वळून म्हणाले, “माझा नंबर पण काढायला सांग.”