सातबारावरची सतरा नावं

मस्कतहून घरी पैसे पाठवायला मला चार मिनिटं लागतात. गावच्या जमिनीच्या सातबारावर माझं नाव लागायला चौदा महिने लागले. त्याच जमिनीतल्या अकरा गुंठ्यांवर काजूप्रक्रियेचं छोटं युनिट सुरू व्हायला त्यापुढे आणखी अडीच वर्षं गेली. परदेशात राहून गावाकडे काही उभं करावं असं मनात असलेल्या कुणाला उपयोग होईल म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमचं गाव सावंतवाडी तालुक्यात. मी ओमानमध्ये एकोणीस वर्षं अन्नपदार्थांच्या आयातीच्या कामात आहे, मालाची तपासणी करणं हे माझं रोजचं काम. गोदामात काजूचे डबे उघडले की पहिल्यांदा रंग बघायचा, मग तुकड्याचं प्रमाण, मग ओलावा. डब्यावर डब्ल्यू 240 लिहिलेलं असतं, म्हणजे एका पौंडात साधारण 240 अख्खे गर बसतात. आकडा जितका लहान, तितका गर मोठा आणि भाव जास्त. हे सगळं मला पाठ होतं, आणि आमच्याच बागेतली बी मात्र बाबा दर मे महिन्यात दारात आलेल्या व्यापाऱ्याला पोत्याने मोजून देत होते. आमची झाडं वेंगुर्ला 4 आणि वेंगुर्ला 7 जातीची, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून आणलेली. वेंगुर्ला 7 ची बी हातात घेतली की वजन जाणवतं, एकेक बी जवळपास दहा ग्रॅमची. अशी बी कच्ची विकली जाते हे मला फार लागायचं. 2018 साली बाबा गेले. जे काही करायचं ते आता मीच करायचं, हे तेव्हा मनात पक्कं झालं.

पंधरा रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मोबाईलवर काढला. क्षेत्र दोन हेक्टरच्या थोडं वर. भोगवटादाराच्या, म्हणजे जमीन धारण करणाऱ्याच्या, रकान्यात फक्त दोन नावं होती, माझे आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ. आजोबा 1991 साली गेले, धाकटे आजोबा त्याआधीच, 1986 मध्ये. तीस वर्षं जमीन मेलेल्या माणसांच्या नावावर होती. कुणाचं काही अडलं नव्हतं. जो गावात होता तो कसत होता, बी विकत होता, चतुर्थीला आलेल्यांना सोलं आणि काजूगर बांधून देत होता.

डिसेंबर 2020 मध्ये ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर वारस नोंदीचा अर्ज केला. अर्ज भरणं काहीच अवघड नाही. अवघड आहे ती वंशावळ. धाकटे आजोबा परळच्या गिरणीत होते. त्यांची मुलं मुंबईत वाढली आणि 1982 च्या संपानंतर कुणी विरारला, कुणी नालासोपाऱ्याला गेली. आमच्या बाजूने तीन आत्या. एक गोव्यात पेडण्याला दिलेली, एक लालबागला, तिसरी आता हयात नाही, तिची दोन मुलं आहेत. मला वाटायचं, घर सोडून गेलेली मीच एक. कागद जमवायला बसले तेव्हा कळलं की आमच्या घरातून माणसं गेली चार पिढ्या बाहेरच पडत आली आहेत, मी फक्त समुद्रापलीकडे गेले.

प्रत्येकाचा मृत्यूचा दाखला हवा. धाकट्या आजोबांच्या मुंबईच्या दाखल्यावर आडनावाऐवजी गावाचं नाव लागलेलं, कारण गिरणीत तशीच हजेरी होती. तो आणि सातबारावरचा माणूस एकच, असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत, मग मंडळ अधिकाऱ्यांकडून फेरफार, म्हणजे सातबारावरच्या बदलाची नोंद, प्रमाणित. आमचा फेरफार एकदा कागद अपुरे म्हणून परत आला, एकदा एका वारसाचं नाव राहिलं म्हणून. फेब्रुवारी 2022 मध्ये नवा सातबारा हातात आला. दोन नावांची सतरा नावं झाली होती.

सगळ्यांनी सांगितलं, आता आत्यांची हक्कसोडपत्रं करून घे, विषय मिटेल. कोकणात वर्षानुवर्षं हेच चालत आलं आहे, बहिणी सही करतात आणि जेवून परत जातात. मीसुद्धा तसा मसुदा घेऊनच पेडण्याला गेले होते. आत्याने चष्मा लावून तो पूर्ण वाचला. मग माझा हात धरून म्हणाली, "गे बाय, माका जमीन नको. पण बापाशीच्या कागदार माझा नाव रवांदे."

मी मसुदा पिशवीत परत ठेवला. बाबांच्या पश्चात माझं नाव त्या कागदावर यावं म्हणून मी चौदा महिने धडपडले होते, आणि तेच नाव मी आत्याला काढायला सांगत होते. त्या दुपारी तिने मला मानकुराद आंबा खायला घातला, आजोबांच्या गोष्टी सांगितल्या, आणि मी काही न बोलता ऐकत बसले.

आमच्या वकिलांनी नंतर आणखी एक गोष्ट सांगितली. अनिवासी भारतीयाला शेतजमीन वारसाने मिळू शकते, पण विकत घेता येत नाही आणि बक्षीसही घेता येत नाही. बिनमोबदला हक्कसोड माझ्या नावे करून घ्यायला ते तयारच नव्हते. परदेशातल्या माणसाने हे आधी समजून घ्यावं. लगतची दोन एकर बाग विकायला निघाली होती, मालक ओळखीचे, माझ्या खात्यात पैसे होते, आणि तरी मला ती घेता आली नाही. भारतीय पासपोर्ट असला तरी आणि घराणं शेतकऱ्याचं असलं तरी हा नियम लागू होतो. "दुसऱ्याच्या नावावर घे, आपसात काय ते बघू," असं सुचवणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. पुढच्या पिढीत तोच कागद घराला कोर्टात नेतो.

मग आम्ही वाटपाचा रस्ता धरला. जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली सगळे सहधारक राजी असतील तर तहसीलदार वाटप करून देतात. सगळ्यांचे जबाब मात्र लागतात. सतरा माणसं एका दिवशी सावंतवाडीला कधी येणार? याचं उत्तर कोकणात एकच, चतुर्थीला. 2022 साली चतुर्थी 31 ऑगस्टला होती. विनंती करून 2 सप्टेंबर, शुक्रवारची तारीख मिळवली, दुसऱ्या दिवशी गौरी येणार होती. सकाळची आरती करून तीन गाड्यांतून आम्ही निघालो. तहसील कार्यालयाच्या व्हरांड्यात विरारचे काका आणि पेडण्याची आत्या बावीस वर्षांनी भेटले. ज्यांना येणं शक्य नव्हतं अशा दोघांची मुखत्यारपत्रं होती. त्यातलं एक दुबईहून आलेलं, वकिलातीत साक्षांकित केलेलं. असं परदेशी केलेलं मुखत्यारपत्र राज्यात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं. आमच्या दुबईच्या भावाचं पहिलं मुखत्यारपत्र कपाटातच राहिलं आणि मुदत टळली, त्याला पुन्हा वकिलातीत जावं लागलं.

आत्यांची नावं कागदावर कायम राहिली. त्यांच्या वाट्याला विहिरीकडची जुनी कलमं आली. रस्त्यालगतचे अकरा गुंठे चुलतभाऊ आणि मी, आमच्या वाट्यात घेतले.

नोव्हेंबरात मोजणी झाली. भूमी अभिलेखचे मोजणीदार रोव्हर घेऊन आले, काठीवर बसवलेलं यंत्र उपग्रहावरून जागा दाखवतं. उत्तरेच्या गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी, यंत्र हद्दीचा जो बिंदू दाखवत होतं तो गडग्याच्या पलीकडे सव्वादोन फुटांवर, शेजाऱ्यांच्या फणसाच्या बुंध्याशी. शेजारी, वय ऐंशीच्या पुढे, खळ्यातून काठी टेकत आले आणि फणसावर हात ठेवून उभे राहिले. "हो फणस माझ्या आवशीन लावललो," आईने लावलेला, एवढंच म्हणाले. मोजणीदाराने माझ्याकडे बघितलं. सव्वादोन फुटांत माझी एक भिंत मागे-पुढे होणार होती. आम्ही हद्द यंत्राने दाखवली तशी कागदावर घेतली आणि फणस त्यांचा राहील असं वेगळं लिहून दिलं. शेडचा आराखडा तीन फूट दक्षिणेला सरकवला. आज त्या फणसाची सावली दुपारी आमच्या बी वाळवण्याच्या खळ्यावर येते, तेवढा वेळ ताडपत्री हलवावी लागते.

वाटपाचा आदेश, मग बिनशेतीचा आदेश, मग ग्रामपंचायतीकडचे कागद, यात 2023 साल गेलं. थ्री-फेज वीज, अन्नसुरक्षेचा एफएसएसएआय परवाना, जीएसटी, उद्यम नोंदणी ही कामं त्या चुलतभावाने केली आणि ती ठरल्या क्रमाने झाली, त्यावर लिहिण्यासारखं फार नाही.

पैशांबद्दल मात्र लिहायला हवं, कारण तिथे मी मोठी चूक करणार होते. माझा बेत होता की भाऊ आणि मी एकच भागीदारी संस्था काढू, तीच बाग लावेल, तीच बी फोडेल. मसुदा वाचून सीएंनी मला तिथेच थांबवलं. अनिवासी भारतीयाला भागीदारी संस्थेत पैसे घालता येतात, पण ते परत मोकळेपणी बाहेर न नेण्याच्या अटीवर, आणि ती संस्था शेती किंवा लागवडीच्या धंद्यात असता कामा नये. म्हणून आमच्या संस्थेच्या करारात फक्त प्रक्रिया आणि विक्री आहे. संस्था बी शेतकऱ्यांकडून बाजारभावाने विकत घेते, त्यात माझ्या आईकडून आणि आत्यांकडूनही घेते, आणि प्रत्येकीला वेगळी पावती मिळते. मी पैसे एनआरई खात्यातून, म्हणजे परदेशातल्या कमाईच्या खात्यातून, घातले. तिथे असेपर्यंत ते केव्हाही बाहेर नेता येतात. संस्थेत गेले की त्यावरचा नफा आणि पुढे कधी काढलं तर भांडवल एनआरओ, म्हणजे भारतातल्या उत्पन्नाच्या, खात्यात येतं, आणि एनआरओमधून असं भांडवल वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतच, कर भरून, कागद जोडून बाहेर जातं. आम्हा छोट्या लोकांना ती मर्यादा आड येत नाही, पण रस्ता वेगळा आहे हे पहिला रियाल पाठवण्याआधी ठाऊक असावं.

पूर्ण भांडवल माझंच असतं तर भावाला ते नोकरीसारखं वाटलं असतं. म्हणून तोही बँकेचं कर्ज काढून उतरला. त्याच्या जिवावर हे चाललं आहे. मी वर्षातून तीनदा येते. जानेवारी 2023 मध्ये गोव्यातला मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून येणं सोपं झालं आहे.

यंत्रं घेताना फसगत झाली. बाहेरच्या जिल्ह्यातल्या एका विक्रेत्याचा ड्रायर वरच्या ट्रेमधला गर तांबूस करायचा आणि खालच्या ट्रेमधला ओलाच ठेवायचा. मी मस्कतहून व्हिडिओ बघून पसंत केला होता. वीस वर्षं दुसऱ्यांचा माल हाताने तपासणारी मी, स्वतःचं यंत्र न बघता घेतलं, याचं मला अजून वाईट वाटतं. शेवटी कुडाळच्या एका कारागिराने पंखा आणि हवेचा मार्ग बदलून तो मार्गी लावला.

एप्रिल-मे 2024 मध्ये एकूण साडेसहा टन बी घेतली. खळ्यावर दोन-तीन दिवस कडक ऊन दिलं, पोती भरली आणि पावसाळ्याआधी आत रचली. ऑगस्टमध्ये पहिला घाणा वाफेवर ठेवला. वाफवलेली बी रात्रभर थंड व्हावी लागते, गरम फोडली तर गर तुटतो. बी फोडण्याच्या मशीनवर वाडीतल्या सहा जणी बसल्या. टरफलातलं तेल हात जाळतं, म्हणून आम्ही हातमोजे आणले होते, पण हातमोज्यांनी बी पात्यात नीट बसेना. मग पूर्वी एका कारखान्यात काम केलेल्या मावशींनी सगळ्यांच्या बोटांना खोबरेल चोळलं आणि वर फक्त बोटांच्या टोकांना रबर चढवलं. आता सगळ्या तसंच करतात. त्यांचा रोज आम्ही वजनावर न ठेवता दिवसावर ठेवला आहे. वजनावर ठेवला की घाई होते, घाईत गर तुटतो, आणि हातही पोळतात.

चार किलो बीमागे साधारण किलोभर गर, हा जुना हिशेब. पहिल्या घाण्यात आम्हाला त्याहून कमी मिळाला, अख्खा गर निम्माच. दहाव्या घाण्यापर्यंत तो दहात सातवर आला. आयात बीच्या भावाशी आमचा भाव अजून जुळत नाही. आफ्रिकेतून येणारी बी स्वस्त पडते आणि दुकानदार आधी दर विचारतो. आमचं गिऱ्हाईक वेगळं आहे. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे, ते नाव ओळखून मागणारी माणसं मस्कतच्या महाराष्ट्र मंडळात, ठाण्यात, पणजीत आहेत. पहिल्या वर्षी तोटा झाला. दुसऱ्या हंगामात खर्च निघाला, भावाचा हप्ता एकदाही चुकला नाही.

गेल्या मे महिन्यात आत्या पेडण्याहून आली होती. तिच्या वाट्याच्या कलमांची बी तिने स्वतः राहून वेचून घेतली, दोनशे चौदा किलो भरली. भावाने वजन केलं, दर लावला, पावतीवर तिचं नाव लिहिलं, माहेरचं आडनाव लावून, कारण सातबारावर तसंच आहे. आत्याने पावती दोनदा वाचली, घडी घातली आणि पैशांच्या बटव्यात न ठेवता ब्लाउजमध्ये ठेवली. मग सालकाढणीच्या टेबलाशी जाऊन वाडीतल्या बायकांबरोबर बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही.