तोल

ओळखीच्या सराफाच्या काट्यावर मी दाढीचा ब्रश ठेवला, तेव्हा दुकानातल्या दोन बायका एकमेकींकडे बघून हसल्या. लग्नसराईत सोन्याच्या काट्यावर बाभळीचं लाकूड ठेवणारा माणूस त्यांनी कशाला पाहिला असेल! आकडा आला ३८ ग्रॅम. "पावणेचार तोळे," सराफ गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "घडणावळ लावू का?"

मूळ दुखणं अण्णांच्या ब्रशचं. त्याची मूठ प्लॅस्टिकची, आतून पोकळ. केसांनी पाणी धरलं की डोकं जड आणि बूड हलकं. खिडकीच्या कट्ट्यावर उभा केला की दोन मिनिटांत आडवा, आणि फेस खाली. सोलापुरात नळाला पाणी काही रोज येत नाही, म्हणून अण्णांची अख्खी दाढी एका मगात उरकते. फेस मात्र त्यांना भरघोसच लागतो. म्हटलं, यांना एक ब्रश आपणच करून द्यावा.

आधी घरात पडलेला जुन्या मागाचा धोटा घेतला. सोलापूरकराला दुसरं काय सुचणार? पण धोटा कांडी बसण्यासाठी आतून कोरलेला असतो. मूठ काढायला लागणारं भरीव लाकूड त्यात नव्हतंच. मग मामाच्या गावी मोडून पडलेल्या बैलगाडीच्या चाकाचा आरा आणला. कातकाम करणाऱ्यांनी तो लेथवर धरला, वर २४ मिलिमीटरचं भोक पाडलं आणि त्यात मी विकत आणलेला केसांचा झुपका चिकटवला. लाकूड पाणी पिऊ नये म्हणून पॉलिशचे चार हात दिले. तोच हा ३८ ग्रॅमवाला.

दिसायला देखणा होता, पण हातात काही आहे असं वाटेचना. आणि हातात काही नसलं की माणूस उगाच जोर लावतो. ब्रश गालावर दाबला की केस फाकतात आणि फेस व्हायचा सोडून साबण नुसताच पसरतो.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. तीच मूठ भरीव पितळेत करून घेतली. पितळ बाभळीच्या दहापट जड, हे हिशेबाने ठाऊक होतं. हाताला ते नंतर कळलं. नुसती मूठच २५० ग्रॅमच्या वर गेली. साबणाच्या ओल्या बोटांतून ती सटकली तेव्हा न्हाणीघरातल्या फरशीचा टवका उडाला. त्यावर आई जे बोलली ते इथे लिहीत नाही.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. ती उंच काठी एकटा माणूस पेलून चालतो. आम्ही रस्त्याकडेला उभे राहून "केवढं वजन असेल रे!" म्हणत असतो, आणि पेलणाऱ्याचे डोळे मात्र शेंड्यावर. तोलणं म्हणजे वजन करणं, आणि तोल जाणं म्हणजे पडणं. एकाच शब्दात दोन्ही आहे. मी इतके दिवस त्यातला पहिलाच अर्थ धरून काट्यापुढे उभा होतो.

तिसऱ्या मुठीला म्हणून बाभळीच्या बुडात खालून भोक पाडलं आणि १५ मिलिमीटर जाडीच्या पितळी सळीचा इंचभर तुकडा आत ठोकून बसवला. एकूण भरले ७५ ग्रॅम. पण आकड्यापेक्षा ते ग्रॅम कुठे बसलेत ते महत्त्वाचं: सगळं जडपण तळहाताच्या बाजूला, टोक मोकळं. आता मनगट फिरवलं की ब्रश आपसूक फिरतो, जोर लावावा लागत नाही. ओला करून कट्ट्यावर ठेवला तरी उभा. मी खूश.

अण्णांनी तो दोन दिवस वापरला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चांगलाय. पण पहिला कुठाय?" आताशा त्यांची बोटं जरा कापतात, ७५ ग्रॅम त्यांना दाढी संपेपर्यंत पेलवत नाहीत. ३८ ग्रॅमवाला ते फेस झाला की स्वतःच आडवा ठेवतात, म्हणजे पडायचा प्रश्नच मिटला. ७५ वाला माझ्याकडे आला.

पितळी मूठ आईने कधीच उचलली. केस मी बसवलेच नव्हते. शेंगाचटणीसाठी लसूण ठेचायला ती बरी पडते म्हणे, वजन अगदी बरोबर आहे.