पानाच्या जागेवरून आकाश किती दिसतं?

आज मनी प्लांटला पाणी घालताना शेंड्याकडे लक्ष गेलं. नवीन पान उलगडतंय, अजून अर्धं गुंडाळलेलंच आहे, पण देठ चांगला लांब आणि पान मात्र आधीच्या पानांपेक्षा लहान. आणि दोन पानांमधलं पेर तर खालच्या पेरांच्या जवळजवळ दुप्पट. घरातले सगळे खूश, की वेल बघ किती भराभर वाढतेय! मला ती वाढ वाटतच नाही, ती धडपड आहे. उजेड कमी पडला की झाड जवळचा साठा खर्च करून लांब होत जातं, कुठेतरी पुढे उजेड सापडेल या आशेवर, आणि मग पानं छोटी, खोड बारीक, अंतर मोठं असं सगळं दिसायला लागतं.

"पण खोलीत तर चांगला उजेड आहे की," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय ना! आपल्याला तसं वाटतं कारण आपले डोळे फार पटकन जुळवून घेतात, बाहुली मोठी होते, अंधाऱ्या कोपऱ्यातही पुस्तक वाचता येतं, आणि मग आपण ठरवून टाकतो की इथे उजेड आहे. झाडाला ही सोय नाही, त्याच्या पानावर जेवढा उजेड खरंच पडेल तेवढंच त्याचं अन्न. उजेड लक्स या एककात मोजतात, भर दुपारी उघड्यावर साधारण 1,00,000 लक्स असतात, ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर 10,000 च्या आसपास मिळून जातात. फोनवरच्या लक्स मीटरने आज घरात बघितलं तर खिडकीच्या कठड्यावर 4,000 च्या वर आणि त्याच खोलीत पलीकडच्या भिंतीपाशी 200 पण नाहीत! फोनचं मोजमाप अगदी काटेकोर नसतं हे मान्य, पण एवढा फरक दाखवायला ते पुरेसं आहे. त्या दोन जागांमध्ये उभं राहून डोळ्यांना विचारलं तर ते म्हणतील थोडासाच फरक आहे.

मीटरपेक्षाही मला आवडणारी पद्धत म्हणजे डोकं पानाच्या उंचीला नेऊन तिथून खिडकीकडे बघायचं. झाड जमिनीवर असेल तर सरळ जमिनीवर बसायचं, शेल्फवर असेल तर स्टूलवर चढायचं, आणि एकच गोष्ट बघायची, इथून आकाश किती दिसतंय. आज सगळ्या कुंड्यांपाशी हे केलं. कठड्यावरून खिडकीचा अर्ध्याहून जास्त भाग आकाशाने भरलेला, आणि मनी प्लांट जिथे आहे त्या कोपऱ्यातून समोरच्या इमारतीची भिंत आणि वर आकाशाची एक अरुंद पट्टी, बस. उन्हाचा कवडसा येत नसेल तेव्हा झाडाला मिळतो तो मुख्यतः आकाशाचाच उजेड, खिडकी ही नुसती चौकट आहे. त्यामुळे छताजवळ टांगलेल्या कुंड्या खिडकीच्या अगदी शेजारी असूनही कधी कधी उपाशी राहतात, कारण तिथून खिडकीतून खालचा रस्ता दिसतो, आकाश दिसत नाही. हे एकदा बसून बघितल्याशिवाय पटत नाही.

मीटर नको असेल तर सावली बघा. दुपारी पानाच्या वीतभर वर हात धरायचा. कडा स्पष्ट असलेली गडद सावली पडली तर उजेड भरपूर, हाताचा आकार कळतोय पण कडा पुसट असतील तर मध्यम, आणि सावली पडतेय की नाही हेच बघत बसावं लागलं तर तिथे बहुतेक झाडं फक्त तग धरतात.

तग धरणं या गोष्टीबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. स्नेक प्लांट आणि झीझी यांच्यावर 'कमी उजेडाचं झाड' असा शिक्का बसलाय, आणि मग ती जिन्याखाली, कपाटाशेजारी, कुठेही जातात. ती बिचारी अंधार सहन करतात, त्यांना तो आवडतो असं नाही! जाड पानांत आणि जमिनीखालच्या गड्ड्यांत साठा असतो त्यावर महिनोन्‌महिने निघतात, म्हणून आपल्याला वाटतं मजेत आहेत. तेच झाड खिडकीजवळ आणा, नवीन फुटवे यायला लागतील. पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांची झाडं तर आणखी नाजूक, पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसतंच, म्हणजे अर्ध्या पानाने पूर्ण पान पोसायचं. त्यांना साध्या हिरव्या भावंडांपेक्षा जास्त उजेड लागतो.

म्हणून मनी प्लांट आज खिडकीकडे हलवला, पण एकदम कठड्यावर नाही ठेवला. सावलीत तयार झालेलं पान पातळ असतं, ते कडक उन्हात एकदम नेलं की त्यावर फिकट पांढुरके डाग पडतात, मग ते तपकिरी होतात आणि तो भाग परत हिरवा कधीच होत नाही. जुनी पानं थोडीफारच जुळवून घेतात, नव्या जागेला साजेशी पानं पुढची येतात. त्यामुळे थोडं थोडं सरकवत एक-दोन आठवड्यांत न्यायचं, सकाळचं कोवळं ऊन चालेल, दुपारच्या उन्हाला पातळ पडदा. बेंजामिना फायकस तर जागा बदलली की रागावल्यासारखी पानं गाळते, तेव्हा घाबरून परत जागा बदलू नये, तिला तिथेच राहू द्यावं.

आणि पाणी! उजेड बदलला की पाणी बदललंच पाहिजे, ते दोन्ही वेगळे विषय नाहीत. अंधारात झाड पाणी फार हळू ओढतं, माती ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. मग सगळे म्हणतात पाणी जास्त झालं, पण कितीतरी वेळा खरं कारण उजेड कमी हेच असतं. मनी प्लांट आता जास्त पाणी पिणार, बोट मातीत घालून बघत राहायला हवं.

झाड उजेडाकडे वळतं त्याचं तर मला रोज नवल वाटतं. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोवळ्या कोंबांच्या टोकावर छोट्या टोप्या घातल्या तर ते वळलेच नाहीत, 1880 साली हे प्रसिद्ध झालं. उजेड कळतो टोकाला आणि वाकतो खालचा भाग! पुढे कळलं की ऑक्सिन नावाचं द्रव्य सावलीच्या बाजूला जास्त जमतं, त्या बाजूच्या पेशी जास्त लांबतात आणि झाड दुसरीकडे झुकतं. म्हणून पाणी घालताना कुंडी दरवेळी थोडी फिरवायची, म्हणजे एकाच बाजूला कलत नाही.

संध्याकाळी मैत्रिणीचा मेसेज, बाथरूमला खिडकीच नाही, तिथे कुठलं झाड चालेल? तिला सरळ लिहिलं, दिवा लावल्याशिवाय कुठलंच नाही. साधा पांढरा एलईडी चालतो, जांभळाच पाहिजे असं काही नाही, फक्त छताला नको, पानांपासून फूटभर अंतरावर हवा, कारण लांब गेला की उजेड झपाट्याने उतरतो. रोज 12 तास टायमरवर, आणि रात्री बंद, झाडाला अंधारही लागतो. तिने विचारलं, एवढं करायचं एका झाडासाठी? मी म्हटलं हो, नाहीतर तिथे छानसा टॉवेल टांग आणि झाड खिडकीत ठेव.