अंतरपाटाच्या पलीकडे ब्योमकेश

नौपाड्यात, गोखले रोडच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान. जुन्या व्हीएचएस कॅसेट पेनड्राइव्हवर करून देतो. या कामात एक शिक्षा आहे, तीन तासांच्या कॅसेटला तीनच तास लागतात, फास्ट वगैरे प्रकार नाही, त्यामुळे निम्म्या ठाण्याची लग्नं मी उपाशीपोटी अटेंड केलीत.

गेल्या जुलैत एक काका-काकू आले. कॅसेटवर लिहिलेलं, 'आमचे लग्न, १९९१'. घरचा व्हीसीआर बिघडला तेव्हापासून बघितलीच नव्हती. आत पांढरी बुरशी. अशी कॅसेट तशीच लावली तर व्हीसीआरच्या हेडची, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाची, वाट लागते आणि नवीन व्हीसीआर आणणार कुठून, शेवटच्या कंपनीने २०१६ लाच बनवणं बंद केलं. म्हणून आधी पाच स्क्रू काढून टेप साफ करायला घेतली, तेव्हा दिसलं की कडेचा टॅब तोडलेला आहे (तो तोडला की वर काही रेकॉर्ड होत नाही, व्हिडिओवाले मुद्दाम तोडायचे) आणि त्या खाचेवर पिवळी पडलेली सेलोटेप! खाच झाकली की परत रेकॉर्ड करता येतं, म्हणजे कोणीतरी जाणूनबुजून. मी गप्प बसलो.

दोघं तिथेच स्टुलावर बसून बघायला लागले. सीमांतपूजन झालं, गौरीहर झाला, अंतरपाट धरला, काका पुढे सरकून बसले, भटजींनी 'शुभमंगल' म्हटलं आणि स्क्रीनवर इंद्रधनुष्यासारखे पट्टे. मग धोतरातला रजित कपूर. ब्योमकेश बक्षी!

काका हादरलेच. "हा कोण मेला मध्येच? माझा मेहुणा! त्यालाच खाज होती व्हीसीआरला हात लावायची." मी नुसतं सेलोटेपचं सांगितलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "मीच लावली. दुसरी कॅसेट नव्हती आणि एपिसोड सुरू होत होता."

"अगं पण आपलं लग्न!"

"ते रोज बघतेच आहे की."

वरचं पुसलं की खालचं परत येत नाही, इरेज हेड सगळं साफ करतो, हे सांगताना मलाच कसंतरी झालं. मी बंद करू का विचारलं. काका म्हणाले, राहू दे, बघू तरी कशासाठी आमच्यावर पाणी सोडलं.

दूरदर्शनवरची १९९३ ची डिटेक्टिव्ह मालिका, बासू चॅटर्जींची. सारखं मृत्युपत्र बदलणाऱ्या एका म्हाताऱ्याचा खून होतो, संशय येतो सत्यवतीच्या भावावर, ती ब्योमकेशकडे येते आणि हा माणूस, जो स्वतःला डिटेक्टिव्हसुद्धा म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणतो, तो खुनाच्या घरात चक्क सोयरीक जमवतो. सत्यवती म्हणजे आपली सुकन्या कुलकर्णी. खुनी कोण ते सांगत नाही, बघा तुम्हीच. खरं सांगू, मला खुनापेक्षा ते दोघं एकमेकांशी जपून, अवघडून बोलतात तेच आवडलं, हल्लीच्या सिरियलीत तेवढ्यात तीन गाणी होतील. अर्ध्यावर काकांनी चहा सांगितला, खुनी ओळखला म्हणून पैज लावली, हरले.

एपिसोड संपला आणि धाडकन जेवणाची पंगत, काकू जिलबीचा घास भरवताहेत.

बिलाच्या वेळी काका अडले, मी फक्त लग्नाचे पैसे देणार म्हणे. ब्योमकेशचे काकूंनी पर्समधून वेगळे काढून दिले.