का, न, बा, ई

अमळनेर, गुरुवार रात्र

नागपंचमी झाली. येत्या रविवारी घरी कानबाई, आमच्या खानदेशातली देवी, बसणार. भाऊबंदकीला द्यायची पत्रिका यंदा काकांनी माझ्यावर सोपवलीय. सकाळपासून या चार अक्षरांशीच झटतेय.

जुन्या फाईली चाळताना पहिलं काम सापडलं, चुलतभावाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. तेव्हा कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर नुकतंच हाताळायला लागले होते. नाव पट्टीपेक्षा लहान दिसत होतं, म्हणून कडेला धरून सरळ आडवं ओढलं. उभे दांडे जाडजूड झाले, शिरोरेघ होती तेवढीच बारीक राहिली. मला त्यात काहीच खटकलं नव्हतं. आजी मात्र फ्लेक्सपुढे थांबून म्हणाली होती, "हाई काय शे वं माय?" नाव तिला लागतच नव्हतं. पुढच्या कामात अक्षरांमधलं अंतर वाढवलं, तर शिरोरेघच तुटली. इंग्रजी अक्षरं सुटी उभी राहतात, आपली एकमेकांचा हात धरून असतात. हे तेव्हा कळायला हवं होतं.

छपाईचे धडे त्यामानाने लवकर मिळाले. केळीच्या खोक्याचं लेबल आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीत केलं होतं. पडद्यावरचा लख्ख हिरवा कागदावर मळकट आला. तेव्हापासून छापायचं काम सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत, चहूबाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापणीसाठी जादा कड, आणि पाठवण्याआधी अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे फॉन्ट नसला तरी न बदलणारे आकार.

अक्षर कळायला मात्र वेळ लागला. फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या गावात ९७ वं साहित्य संमेलन झालं. तिथे पुस्तकांच्या गाळ्यांवर मी पुस्तकं कमी आणि मुखपृष्ठांवरची नावंच जास्त बघत फिरले. त्याच सुमारास क्लासमध्ये सरांनी माउस बाजूला ठेवायला लावून हातात बोरू दिला. तिरक्या कापलेल्या टोकाने 'क' काढताना रेघ वळणावर आपोआप फुगते, आपोआप निमुळती होते. पानंच्या पानं गिरवली. एका संध्याकाळी एकदम तो फ्लेक्स आठवला आणि पोटात कसंतरी झालं. मी ओढून बसवलेलं ते अक्षर कुठल्याच बोरूतून उतरलं नसतं! कुठलाही हात तसा फिरत नाही. त्या दिवसापासून एकही अक्षर ताणलेलं नाही. जागा कमी पडली तर जागा बदलते.

आज खालच्या मजकुराला 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' हा फॉन्ट घेतलाय. तो सगळ्यांना मोफत वापरता येतो, आणि लहान आकारातही मात्रा गिचमिडत नाहीत. 'कानबाई' मात्र बोरूनेच लिहिलं, स्कॅन केलं, मग कडा साफ केल्या. का आणि बा यांचे काने एकाच तालात यावेत म्हणून अकरा कागद गेले. मधला 'न' थोडा अरुंद केला तेव्हा कुठे जमलं.

संध्याकाळी आजी कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू निवडत बसली होती. प्रिंट समोरच्या भिंतीला लावली आणि काही बोलले नाही. तिने चष्मा न लावता मान वर केली, "कानबाई" वाचलं आणि पुन्हा सुपात बघायला लागली.

'ई'चा वरचा आकडा अजून लाल किनारीला टेकतोय. किनार दोन मिलिमीटर वर घ्यायची की आकडाच आखूड लिहायचा? उद्या सकाळी उजेडात बघेन. फाईल दुपारी प्रेसला द्यायचीय.