कलम ९ नंतर एकदम १२

जुन्या हिंदी पिक्चरांचे हक्क विकले जातात तेव्हा त्यामागचे कागद तपासायचे, हे माझं काम. मी वकील नाही, फोर्टात एका वकिलांच्या ऑफिसात बसतो. लोकांना वाटतं दिवसभर पिक्चर बघत असेल हा, तर मी त्यांना सांगतो की मी फक्त सुरुवातीचं सेन्सॉर सर्टिफिकेट दिसेपर्यंत बघतो, पुढचा पिक्चर तुम्ही बघा. त्या सर्टिफिकेटवर अर्जदार म्हणून कोणाचं नाव आहे ते आम्हाला लागतं, हिरो कोण याच्याशी देणंघेणं नाही.

२०२४ ला दिवाळीच्या आधी एक गठ्ठा आला. एक पार्टी आपल्याकडचे जुने पिक्चर घाऊक भावात एका चॅनलवाल्यांना विकत होती आणि आम्ही चॅनलच्या बाजूने. त्यात १९६४ चा एक ब्लॅक अँड व्हाइट सोशल होता, नाव सांगत नाही, सांगितलं तरी एखादं गाणं आठवेल, पिक्चर नाही आठवणार. सर्टिफिकेटवर एका मराठी माणसाचं बॅनर आणि विकणारी पार्टी तिसरीच. मधला दुवा म्हणजे १९७१ चा करार, या प्रोड्युसरने निगेटिव्ह राइट्स, म्हणजे मूळ फिल्म आणि तिच्यावरून प्रिंट काढून चालवायचे हक्क, एका डिस्ट्रिब्युटरला दिले, तिथून पुढे हात बदलत बदलत या पार्टीकडे. झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरं पुसट, पानांना नंबर नाहीत. वाचत गेलो तर कलम ९ संपलं आणि पुढच्या पानावर एकदम कलम १२, वाद झाला तर मुंबईचं कोर्ट वगैरे, आणि खाली सह्या. १० आणि ११ गायब.

साहेबांना दाखवलं. म्हणाले, "टायपिस्टचा घोळ असेल." मग चष्मा काढून जरा वेळ पंख्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "वारस शोध."

बॅनरचा पत्ता इम्पाच्या, म्हणजे प्रोड्युसरांच्या असोसिएशनच्या जुन्या कागदांतून मिळाला, दादरला गोखले रोडजवळची बिल्डिंग. निम्म्या वेळा असा पत्ता शोधत गेलं की तिथे टॉवर उभा असतो, इथे बिल्डिंग जागेवर होती, रिडेव्हलपमेंटचा बोर्ड लागलेला पण माणसं अजून राहत होती. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार एका काकूंनी उघडलं, वय अठ्ठ्याहत्तर, प्रोड्युसरांची मुलगी. मी पिक्चरचं नाव घेतल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "विकत घ्यायला आलायस की फुकट मागायला?"

म्हटलं काकू, तपासायला आलोय. मग आत घेतलं.

माझ्या अनुभवात प्रोड्युसरांच्या घरच्यांना धंद्यातलं काही ठाऊक नसतं. बाबा सिनेमात होते, कर्ज झालं, एवढीच गोष्ट प्रत्येक घरात. या काकू वेगळ्या निघाल्या. रुईयाला शिकत असताना बाबांचा हिशेब त्या लिहायच्या. नागपूर, इंदूर, जबलपूरहून रोजच्या कलेक्शनचे आकडे यायचे, डीसीआर म्हणतात त्याला, ते संध्याकाळी वहीत उतरवायचं काम त्यांचं. वही अजून होती. कॉटखाली पत्र्याची ट्रंक, झाकणावर बॅनरचं नाव रंगवलेलं, आत डांबरगोळ्या आणि वर्षावार बांधलेल्या फाइली. माझ्या आयुष्यात इतकी नीट लावलेली ट्रंक मी बघितलेली नाही, मोठ्या मोठ्या कंपन्यांची रेकॉर्ड रूम सुद्धा नाही.

दुपार त्यातच गेली. मी फाइल उघडायची आणि काकूंनी मधे मधे बोलायचं, असं करत करत एका माणसाचा सगळा धंदा माझ्यासमोर आला, तो जमेल तसा सांगतो.

हे गृहस्थ मूळचे कोल्हापूरचे, भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत पडेल ते काम करणारे. १९४८ ला गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत जयप्रभा जळाला, काम गेलं, हे मुंबईला आले आणि दादरलाच रणजित स्टुडिओत प्रॉडक्शनला लागले. तो काळ म्हणजे स्टुडिओंचा उतार सुरू झालेला. आधी नटनट्या, संगीतकार, सुतार, सगळे स्टुडिओच्या महिन्याच्या पगारावर असायचे. युद्धाच्या काळात बाजारात काळा पैसा आला, स्टार पगार सोडून पिक्चरमागे पैसे मागायला लागले, आणि मग ज्याच्याकडे फायनान्सरची ओळख आणि तोंडात साखर तो प्रोड्युसर. रणजितचे मालक चंदुलाल शहा, एवढा मोठा माणूस, घोडे आणि सट्ट्यात सगळं घालवून बसला, हे काकूंच्या बाबांनी जवळून बघितलेलं, म्हणून रेसकोर्सला आयुष्यात कधी गेले नाहीत. "सिनेमा काढला तेवढा जुगार पुरे होता," काकू म्हणाल्या.

स्वतःचं बॅनर काढून पहिला पिक्चर १९५७ चा, पौराणिक, स्वस्तात केलेला, चालला. दुसरा १९६० चा, बरोबरीत सुटला. तिसरा हा. चौथा १९६८ चा, त्यानंतर फाइल नाही.

आता प्रोड्युसर म्हणजे खिशात पैसा असलेला शेठ असं चित्र आपल्या डोक्यात असतं. मी इतक्या फाइली बघितल्यात, त्या काळच्या छोट्या प्रोड्युसरकडे पैसा हीच एक गोष्ट नसायची. पिक्चर बनायच्या आधी विकायचा. हिरो आणि संगीतकार साइन केले, मुहूर्ताचे फोटो काढले की ते घेऊन लॅमिंग्टन रोडला नाझ बिल्डिंगमध्ये डिस्ट्रिब्युटरांचे जिने चढायचे. देशाचे तुकडे पाडलेले, मुंबई, दिल्ली-यूपी, ईस्ट पंजाब, सीपी-बेरार म्हणजे नागपूर-विदर्भाकडचा भाग, बंगाल, निजाम म्हणजे हैदराबादकडचा, म्हैसूर, आणि वर ओव्हरसीज. प्रत्येक टेरिटरी वेगळ्या माणसाला, काही वर्षांच्या बोलीवर, मिनिमम गॅरंटी, म्हणजे पिक्चर चालो न चालो द्यायची रक्कम, ठरवून. त्यातले थोडे सहीच्या वेळी, थोडे शूटिंग चालू असताना, आणि मोठा हप्ता प्रिंट हातात पडताना. मग शूटिंग कशावर करायचं? हुंडीवर, म्हणजे खाजगी फायनान्सरच्या कर्जावर. बँक दारात उभं करत नव्हती, सिनेमाला सरकारने इंडस्ट्री म्हणून मान्यता दिली तीच मुळी १९९८ ला. आपल्या स. का. पाटलांच्या कमिटीने १९५१ ला रिपोर्ट देऊन सांगितलं होतं की सिनेमाला पैसा द्यायला महामंडळ काढा, ते फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन यायला १९६० उजाडलं. त्याच्याकडे करायचा एक अर्ज ट्रंकेत होता, पूर्ण भरलेला आणि न पाठवलेला. का, तर तारण काय देणार, निगेटिव्ह आधीच फायनान्सरकडे अडकलेली.

ही निगेटिव्हची भानगड कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. निगेटिव्ह लॅबमध्ये. लॅबचं बिल बाकी म्हणून लॅबचा ताबा, त्यावर फायनान्सरचं पत्र की आमचे पैसे मिळाल्याशिवाय प्रिंट सोडू नये. शुक्रवारी रिलीज म्हटलं की गुरुवारी रात्री लॅबमध्ये सगळे जमायचे. डिस्ट्रिब्युटरची माणसं पैसे घेऊन, फायनान्सरचा मुनीम वही घेऊन, एका हाताने पैसे मुनीमकडे आणि दुसऱ्या हाताने डबे टॅक्सीत. १९६४ च्या त्या गुरुवारी काकू, तेव्हा अठरा वर्षांच्या, बाबांबरोबर गेल्या होत्या. "पहाटे साडेतीनला शेवटचा डबा गेला. बाबांच्या हातात काय राहिलं सांगू? टॅक्सीचे पैसे. ते पण मुनीमनेच दिले, बिचाऱ्याला वाईट वाटलं असेल."

आणि नशीब बघा, जूनमध्ये राज कपूरचा 'संगम' लागलेला, रंगीत, युरोपात शूट केलेला, दोन दोन इंटरव्हल. त्याच्या पुढच्याच महिन्यात यांचा ब्लॅक अँड व्हाइट, दादरच्या सेटवरचा. डीसीआरची वही मी बघितली, मुंबईचे आकडे तिसऱ्या आठवड्यात जे बसले ते बसलेच. सीपी-बेरारमध्ये मात्र बरा चालला होता. डिस्ट्रिब्युटरने गॅरंटी, प्रिंट-पब्लिसिटी आणि आपलं कमिशन वसूल केल्यावर जे वर येतं त्याला ओव्हरफ्लो म्हणतात, त्यात प्रोड्युसरचा वाटा. पण वसूल झालं की नाही हे सांगणारा डिस्ट्रिब्युटरच. काकूंनी आपल्या हिशेबाने नागपूरकडून किती यायला हवे ते समासात लाल पेन्सिलने लिहून ठेवलेलं. आले नाहीत.

मी सहज भगवानदादांचा विषय काढला, ते पण दादरचेच, 'अलबेला'नंतर जुहूचा बंगला आणि सात गाड्या, आणि शेवट परत दादरच्या चाळीत. काकू हसल्या. "आमचं तसं नाही झालं रे. जायला आधी गाड्या यायला लागतात."

१९६८ चा पिक्चर पडल्यावर देणी अंगावर आली आणि १९७१ ला त्यांनी तो करार केला. ती फाइल सगळ्यात खाली होती. स्टँप पेपर, जांभळा कार्बन, आणि पानं पाच. आमच्या झेरॉक्समध्ये चार. मधल्या पानावर कलम १० आणि ११. दहावं म्हणत होतं की हे हक्क करारापासून दहा वर्षांपुरते, आणि ३५ व १६ मिलीमीटरच्या प्रिंटपुरतेच. अकरावं म्हणत होतं की मुदत संपली की सगळे हक्क आणि निगेटिव्ह, वेगळा कागद न करता, प्रोड्युसरकडे किंवा त्याच्या वारसांकडे परत.

म्हणजे १९८१ पासून मालक या घरातली माणसं. त्यानंतर पिक्चर व्हिडिओ कॅसेटवर आला, सॅटेलाइटवर आला, आता यूट्यूबवर पडून होता, वर तिसऱ्याच कंपनीचा लोगो, आणि बॅनरची पाटी कापून टाकलेली. करार झाला तेव्हा मुंबईत टीव्ही सुद्धा नव्हता, दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ ला, तर टीव्हीचे हक्क त्यात असणार कुठून? ते पान कोणी गाळलं, मुद्दाम की झेरॉक्सवाल्याच्या हातून, ते मला सांगता येणार नाही.

मी पान तीनदा वाचलं. काकू समोर बसून बघत होत्या, त्यांना कळलं होतं काहीतरी आहे. पण मी चॅनलच्या वकिलांचा माणूस, त्यांना सल्ला देणं माझ्या कामात बसत नाही, आणि गप्प बसून खाली उतरणंही जमेना. साहेबांना तिथूनच फोन लावला. ते म्हणाले, "कागदाचा फोटो मागून घे, आणि त्यांना सांग की स्वतःचा वकील करा. एवढंच सांग. आणि लवकर करा म्हणून सांग."

लवकर का, तर आपल्या कायद्यात सिनेमाचा कॉपीराइट रिलीजचं वर्ष संपल्यापासून साठ वर्षं. १९६४ चा पिक्चर म्हणजे ३१ डिसेंबर २०२४ ला खलास. त्यानंतर पिक्चर कोणाचाच नाही. गीतकार-संगीतकारांचे हक्क वेगळे चालतात, त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, पण पिक्चर म्हणून पिक्चर मोकळा. मागची वसुली करायची तर साधारण तीन वर्षांपलीकडची कोर्ट ऐकत नाही. त्रेचाळीस वर्षं मालकी होती आणि ती कळली तेव्हा हातात अडीच महिनेसुद्धा नव्हते. काकूंनी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघितलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाल्या, "दिवाळीची सुट्टी धरली तर अजून कमी. वकील दादरचाच बघते, फोर्टातले तुम्ही लोक महाग."

पुढचं मला नंतर कळलं. चॅनलने त्या एका पिक्चरसाठी नाही, सगळ्या गठ्ठ्याचं पेमेंट थांबवलं, कारण एका करारात पान नाही म्हटल्यावर बाकीच्यांचं काय. त्यामुळे पार्टी टेबलावर आली, नाहीतर जानेवारीपर्यंत तारखा मागत बसली असती. किती दिले ते काकूंनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण समझोत्यात त्यांनी एक गोष्ट हट्टाने घालून घेतली, की पिक्चर पुढे कधीही दाखवला तर सुरुवातीला बॅनर आणि प्रोड्युसरची पाटी राहिली पाहिजे. त्यांच्या वकिलाला ते फालतू वाटलं होतं. मला नाही वाटलं, आपल्या कायद्याच्या व्याख्येत सिनेमाचा ऑथर प्रोड्युसरच आहे, डायरेक्टर नाही, हे फार लोकांना माहीत नसतं.

डिसेंबरमध्ये पार्टीने पिक्चर खाली उतरवला आणि जानेवारी लागताच परत चढवला, आता बिनबोभाट कायदेशीर. अजून दोन-तीन चॅनलांनी पण चढवलाय, त्यांच्यावर कसली अट नाही, त्यांनी पाटी कापलीय.

मार्चमध्ये काकूंचा फोन आला. मला वाटलं आभार वगैरे. तर विचारतात, "अरे, अडुसष्टच्या पिक्चरला डिसेंबर २०२८ पर्यंत वेळ आहे ना?" म्हटलं आहे. "मग त्याचे कागद ट्रंकेत नाहीत, फक्त लॅबची बिलं आहेत. लॅब तर बंद पडली. त्यांची रजिस्टरं कुठे गेली असतील, तुला काही अंदाज?" मला दोन गोडाऊन माहीत होती, एक गोरेगावचं, एक वसईचं. साहेबांना विचारलं, या पिक्चरशी आपल्या क्लायंटचा काही संबंध नाही ना. नाही म्हणाले. मग दोन्ही पत्ते पाठवले.