तुम्ही विचारलंत म्हणून : मनी आणि चिमू मित्र का होत नाहीत

गोष्ट सांगून झाली की पालकांपैकी कुणीतरी विचारतंच. ‘बाई, सगळं छान आहे, पण शेवटी मनीची आणि चिमूची दोस्ती करून टाकली असती तर काय बिघडलं असतं?’ मनी म्हणजे मांजराचं पिल्लू, चिमू म्हणजे पाखराचं. माझ्या गोष्टीत दोघी एकाच अंगणात वाढतात, एकमेकींना रोज बघतात. पण चिमू फांदीवरून खाली उतरत नाही आणि मनी तिच्याकडे बघून जिभल्या चाटायची थांबत नाही. मुलं हे निमूट ऐकून घेतात. मोठ्यांनाच ते सोसत नाही. शिक्षण परिषदेत एका सरांनी तर सगळ्यांदेखत विचारलं की एवढ्याशा मुलांच्या मनात भीती कशाला घालता? माझ्या सख्ख्या बहिणीनंही विचारून झालंय. दर वेळी मी काहीतरी बोलून वेळ मारून नेते. आज नीट सांगते.

प्राण्यांत मैत्री नसते असं मी कधीही म्हटलेलं नाही. आमच्या शाळेमागच्या रानात धनगरांचे वाडे बसतात. कोकरांच्या जोडीनं वाढलेलं कुत्र्याचं पिल्लू मोठेपणी त्याच मेंढ्यांची राखण करतं, हे मी मुलांना बांधावर उभं करून दाखवते. एका सुट्टीत ताडोबाला गेले होते. तिथे झाडावरची वानरं पाला खाताना निम्मा खाली टाकत होती आणि खाली चितळं तो वेचत होती. वाघ वरून वानराला आधी दिसतो, खालून चितळाला त्याचा वास आधी येतो. एकाच्या ओरडण्यावर दुसरा जीव वाचवतो. आणि आपला कोतवाल! एवढासा काळा पक्षी, पण घरट्याजवळ कावळ्याला नि घारीला फिरकू देत नाही. म्हणून होला, बुलबुल, हळद्या त्याच्या आसऱ्याला त्याच झाडावर घरटी बांधतात. त्याला कोतवाल म्हणतात ते उगाच नाही. हे सगळं माझ्या गोष्टींत आहे. त्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही, मनीबद्दलच विचारतात.

मग पंचतंत्र पुढे करतात. तिथे कावळा आणि उंदीर मित्र होतात, मग तुमचं काय? होतात, खरं आहे. पण हिरण्यक उंदीर आधी बिळातूनच कावळ्याला नाही म्हणतो. तू खाणारा, मी तुझं खाणं, आपली कसली मैत्री, असं तोंडावर सांगतो. मुलांना सांगताना हा नकार आपण गाळतो. शिवाय हिरण्यक चार पावसाळे पाहिलेला उंदीर होता, पिल्लू नव्हता.

आता खरं कारण.

2003 सालचा जून. फलटण तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत मी चौथीला शिकवत होते. तेव्हाची माझी गोष्ट वेगळी होती. त्या गोष्टीत मनी, चिमू आणि टिकल्या नावाचं करडू पावसाच्या रात्री सापडतात, अंगणात कोंबड्यांचं डालगं असतं, तिघं त्याच्याखाली शिरतात आणि एकमेकांना चिकटून झोपतात. सकाळी आजी डालगं उचलते तर चिमू मनीच्या पोटाशी. इथे मुलं हमखास टाळ्या वाजवायची. मला ही गोष्ट फार आवडायची.

शाळा उघडून चार-पाच दिवस झाले होते. रात्री वादळी पाऊस झाला आणि सकाळी मैदानातल्या लिंबाखाली एक पिल्लू पडलेलं सापडलं. वर कावळ्याचं घरटं होतं, काटक्यांत तारांचे तुकडे विणलेलं. मुलं म्हणाली कावळ्याचं पिल्लू. मी हातात घेतलं तर पंखांवर फिकट ठिपके फुटत होते, म्हणजे कोकिळेचं. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, ती कावळ्याच्या अंड्यांआधी फुटतात आणि कावळा-कावळी त्या पिल्लालाही आपलंच म्हणून भरवतात, हे सगळं मी तिथेच उभ्या उभ्या शिकवलं. चांगला पाठ झाला. पिल्लाचं अंग ओलं होतं, तळहाताला त्याच्या छातीची धडधड लागत होती. चोच उघडली की सगळं पिल्लू म्हणजे नुसतं तोंडच दिसायचं. वर दोन्ही कावळे कालवा करत होते.

करायचं होतं ते अगदी साधं होतं. पिल्लू पुसून लिंबाच्या खालच्या फांदीवर ठेवायचं आणि मुलांना घेऊन वर्गात जायचं. माणसाचा हात लागला की आईबाप पिल्लू टाकतात ही समजूत खरी नाही. कावळे तिथेच होते, त्यांनी भरवलं असतं.

वर्गात एक मुलगा होता. अबोल, मागच्या रांगेत बसणारा. त्याच्याकडे मांजराचं पिल्लू होतं आणि माझी गोष्ट ऐकल्यावर त्यानं त्याचं नाव मनी ठेवलं होतं. तो म्हणाला, ‘बाई, मी नेऊ?’

इतकी वर्षं ही हकिकत सांगताना मी म्हणत आले की त्यानं ते पिल्लू परस्पर घरी नेलं. तसं नव्हतं. मी त्याला म्हणाले, ‘ने. तुझ्या मनीला मैत्रीण मिळेल.’ मागच्या रांगेतला मुलगा पहिल्यांदा आपणहून काहीतरी मागत होता याचा मला आनंद झाला होता. आणि माझी गोष्ट खरी होणार याचाही झाला होता. तो आनंद मला अजून आठवतो, म्हणूनच लिहायला जड जातंय.

दुसऱ्या दिवशी तो प्रार्थनेनंतर आला. मधल्या सुट्टीपर्यंत गप्प होता. मग जवळ येऊन त्यानं कंपासपेटी उघडली. आत चार पिसं होती, एक जरा मोठं, ठिपक्याचं. त्यानं गोष्टीत होतं तसंच केलं होतं. दोघांना एका डालग्याखाली ठेवलं आणि डालगं उलटू नये म्हणून वर दगड ठेवला. पिल्लाला पळायला जागाच नव्हती.

‘बाई, आमची मनी लबाड निघाली,’ तो म्हणाला. ‘मी तिला कालव्याच्या पल्याड सोडून आलो.’

पिल्लू गेलं ते एक. पण मांजर मांजरासारखं वागलं म्हणून ते घराबाहेर गेलं. मनी वाईट असते हे त्याला कुणी शिकवलं? माझ्या गोष्टीतली मनी चांगली होती, कारण ती चिमूला खात नव्हती. मग जी खाते ती वाईटच ठरणार. नऊ वर्षांच्या पोरानं सरळ हिशोब मांडला आणि त्या हिशोबात चूक काढायला मला जागा नव्हती. संध्याकाळी मी कालव्याच्या कडेनं बरंच लांब चालत गेले. हाका मारल्या. मांजर सापडलं नाही.

आणखी एक सांगायचं राहतं. वर्गानं पिल्लाचं काय झालं विचारलं तेव्हा मी म्हणाले, ‘उडून गेलं.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो मुलगा माझ्याकडे बघत होता.

त्या वर्षापासून मी गोष्ट बदलली. आता मनी उंदीर खाते, मिळालं तर पाखरूही खाते आणि तरी ती आजीची लाडकी आहे. चिमू तिच्यापासून अंतर राखायला शिकते. पिल्लू पडलेलं दिसलं तर मुलं ते फांदीवर ठेवतात आणि लांब जाऊन बसतात. तुम्हाला हे रुक्ष वाटतं. मला यात मनीवर जास्त माया दिसते. ती आहे तशी अंगणात राहू शकते.

पण तेव्हाची मी अजून माझ्याशी भांडते. ती म्हणते, त्या पोरानं पिल्लू उचललं कशामुळे? तुझ्या जुन्या गोष्टीमुळेच ना? आधीच्या वर्षी याच शाळेतली पोरं खिशात गलोली घेऊन यायची. जुनी गोष्ट ऐकल्यावर तिघांनी आपण होऊन गलोली माझ्या टेबलावर आणून ठेवल्या होत्या. तुझ्या नव्या, खऱ्या गोष्टीनं किती गलोली आल्या?

एकही आल्याचं मला आठवत नाही. मी तिला म्हणते, गोष्ट काही गलोली गोळा करायला नसते. ती म्हणते, मग कशाला असते? इथे मी गप्प होते. परिषदेतल्या त्या सरांवर मी चिडले होते, पण ते बोलले ते माझ्याच आतलं होतं. चिमू मनीच्या पोटाशी झोपलीये हे ऐकताना मुलांचे चेहरे जसे व्हायचे तसे आता होत नाहीत, हे मला समोर उभं राहून रोज दिसतं.

गेल्या दिवाळीत फलटणच्या एसटी स्टँडवर तो भेटला. मीच ओळखलं नाही, त्यानंच वाकून नमस्कार केला. कडेवर चार वर्षांची मुलगी होती. तिला म्हणाला, ‘या माझ्या बाई. यांची मनीची गोष्ट मी तुला सांगतो ना, ती यांचीच.’ मग माझ्याकडे वळून, ‘बाई, सांगा की तिला. डालग्याची.’

त्याला सगळं आठवत होतं की फक्त डालगंच आठवत होतं, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मुलगी माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात बारामतीची गाडी लागली. गर्दी झाली. मी म्हणाले, पुढच्या वेळी सांगते. गाडी माझी नव्हती.